प्रोजेक्ट मुलाचं, मेहनत आईची, मार्क कोणाचे? (आठवी ते दहावीसाठी दुकानात न मिळणारी कामं सुचवा)

खडू_डस्टर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत नववी-दहावीला सोशल सायन्स शिकवते आणि यंदा गळ्यात अजून एक घंटी बांधलीय, सगळ्या विषयांच्या प्रोजेक्ट आणि ॲक्टिव्हिटीचं कोऑर्डिनेशन. म्हणजे इंटर्नलचे जे २० मार्क असतात ना, पिरियॉडिक टेस्टचे ५, मल्टिपल असेसमेंटचे ५, पोर्टफोलिओचे ५ आणि सब्जेक्ट एनरिचमेंटचे ५, त्यातली टेस्ट सोडली तर उरलेल्या पंधरांत मुलांकडून नेमकं काय करून घ्यायचं ते मी ठरवायचं.

आता झालं काय ते सांगते. एक भारत श्रेष्ठ भारत या राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या सरकारी योजनेत मध्य प्रदेशची जोडी मणिपूर आणि नागालँडशी आहे, त्यामुळे आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट म्हटलं की दरवर्षी हेच दोन. मागच्या आठवड्यात टेबलावर ३८ फायली आल्या. त्यातल्या अकरा फायलींत त्याच नाचणाऱ्या बाईचा तोच फोटो, त्याच कोपऱ्यात, आणि एका फाइलच्या मागच्या कव्हरवर १८० रुपयांचं स्टिकर तसंच राहिलेलं. मी त्या मुलाला सहज विचारलं, अरे लोकताक म्हणजे काय रे? तर म्हणे, मॅडम तो डान्स आहे ना? त्याच्याच फाइलमध्ये पान चारवर लोकताक सरोवराचा दोन पानी निबंध!! पीटीएमला त्याच्या आईशी बोलले तर त्या बाईंनी मला फुमदी काय असते, गवत-मुळ्या-मातीचे ते थर पाण्यावर कसे तरंगतात, केइबुल लामजाओ पार्क त्याच्यावरच कसं आहे, सगळं घडाघडा सांगितलं. पैकीच्या पैकी द्यायला पाहिजे होते, पण रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नाही.

तर सुचवा. कुठल्याही विषयाचं चालेल. अटी एवढ्याच की मुलानं स्वतःच करावं, विकत काही आणायला लागू नये, आणि ३८ जणांचं तपासताना माझा जीव जाऊ नये.

पोहे_जीरावण
१८० ला फाइल? आमच्या वेळी ४० मध्ये यायची 😀

स्टेशनरी_काका
मॅडम ते स्टिकर माझ्या दुकानाचं नाही, माझं पिवळं असतं. पण खरं सांगू का, विकतो मी पण. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली केलेलं असतं तेव्हा स्कूटर येऊन थांबते, मागे पोरगं पेंगतंय, वडिलांच्या मोबाइलवर शाळेच्या ग्रुपचा फोटो, आणि पहिलं वाक्य एकच, भिया रेडीमेड काय आहे. सगळ्यात जास्त जातं रेनवॉटर हार्वेस्टिंगचं मॉडेल, मग ज्वालामुखी, मग सूर्यमाला. सूर्यमालेत एकदा मलाच शनीचं कडं उलटं चिकटवलेलं दिसलं, सात-आठ पीस गेल्यावर. एकाही शाळेतून तक्रार आली नाही. त्यावरून काय समजायचं ते समजा.

दोन_मुलांची_आई
मॅडम राग मानू नका पण आयांवर टाकून मोकळं होऊ नका. आम्ही हौसेनं करत नाही हो. माझा मोठा दहावीत, धाकटी सातवीत, गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोघांची मिळून नऊ सबमिशन होती, कारण प्रत्येक विषयाच्या टीचरला वाटतं आपलंच एक काम आहे. आणि मुलानं स्वतः केलेलं दिलं की काय होतं? एकदा दिलं होतं. वेडंवाकडं अक्षर, नकाशा हातानं काढलेला, नागालँडचा धनेश पक्षी कोंबड्यासारखा दिसत होता पण त्याचा त्यानं काढलेला होता. पाचपैकी ३. शेजारच्या मुलीची प्रिंटआउटवाली, लेस लावलेली फाइल, ५. पुढच्या वर्षी धनेश मी काढला. आता छान काढते मी धनेश.

तुम्ही लोक नीटनेटकेपणाला मार्क देणं बंद करा, आम्ही अकरा वाजता फेव्हिकॉल घेऊन बसणं बंद करतो.

खडू_डस्टर
@दोन_मुलांची_आई ताई, राग कसला, बरोबर बोललात. आमच्या चेकलिस्टमध्ये 'प्रेझेंटेशन' हा कॉलम खरंच आहे आणि घाईत सगळ्यात पहिला तोच भरला जातो कारण तो फाइल न उघडता भरता येतो. (मी पण भरलाय.)

भौतिकवाला
नववी-दहावीला सायन्स शिकवतो, शाळा दुसरी, दुखणं तेच. एक काम सांगतो जे मी तीन वर्षं करतोय. खर्च शून्य.

ग्राउंडवर एक सरळ काठी उभी करायची, ४० सेंटीमीटरची, दोऱ्याला दगड बांधून ओळंब्यानं उभी आहे का बघायचं, आणि साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं मार्क करून लांबी लिहायची. प्रश्न एकच, सावली सगळ्यात छोटी किती वाजता झाली?

आता मजा बघा. सगळ्यांना वाटतं १२ वाजता. पुस्तकात दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असंच वाचलेलं असतं. पण आपलं इंदूर साधारण ७५.९ रेखांशावर, आणि घड्याळ चालतं ८२.५ च्या हिशोबानं. फरक साडेसहा अंशांच्या वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार घड्याळाच्या २६-२७ मिनिटं मागून येते. बरं एवढ्यावरही भागत नाही, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस तिरका म्हणून हे वर्षभर पुढे-मागे होत राहतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदुरात सावली १२:१० च्या आसपास सगळ्यात छोटी होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४० ला. तीस मिनिटांचा फरक!

तर ज्यानं घरी बसून वही भरली त्याचं उत्तर येतं १२:००, आणि सावलीची लांबी दोन्हीकडे अगदी सारखी कमी-जास्त होत जाते, जशी गणितात होते. ज्यानं उन्हात उभं राहून केलं त्याच्या वहीत खाडाखोड असते. एका मुलाच्या रीडिंगमध्ये १२:२० ची जागा रिकामी होती, शेजारी लिहिलं होतं 'पानी पीने गया था'. त्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले, स्टाफरूममध्ये त्यावरून वाद झाला.

तपासायला सोपं. काठी सरळ उभी केली का, रीडिंग त्याच वेळी लिहिलं का, ग्राफ काढता आला का, आणि शेवटी तोंडी एक प्रश्न, तुझं उत्तर बारा का नाही आलं? कारण माहीत नसलं तरी चालतं मला, अंदाज काय करतो ते ऐकायचं असतं. मग एखाद्या रविवारी उज्जैनला वेधशाळेत घेऊन जातो, सवाई जयसिंगानं बांधलेलं सम्राट यंत्र, म्हणजे मोठं सूर्यघड्याळ, तिथं स्थानिक वेळ दाखवतं आणि घड्याळाची वेळ काढायला त्यात मिनिटं मिळवावी लागतात. स्वतः सावली मोजलेली मुलं तिथं गाइडला प्रश्न विचारून बेजार करतात.

पोहे_जीरावण
जुलैमध्ये का नाही करत? आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सावली पूर्ण गायब व्हायला पाहिजे ना वर्षातून दोनदा.

भौतिकवाला
@पोहे_जीरावण हौ भिया, जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा. जूनमध्ये शाळा बंद आणि जुलैत ढग. तीन वर्षं काठी घेऊन ग्राउंडवर भिजतोय.

निवृत्त_पीएचई
सावलीचा प्रयोग वाचून बरं वाटलं. माझं वय ऐंशीच्या पुढे, पाणीपुरवठ्यात नोकरी झाली. तुमच्या या गोष्टी नवीन नाहीत हो. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम केला, त्यात हातानं काम करणं हेच शिक्षणाच्या मध्यभागी होतं. आमच्या प्राथमिक शाळेत तकलीचा तास असायचा. गुरुजी सूत मोजायचे आणि किती वेळा तुटलं ते गाठींवरून बघायचे. घरून आईनं कातून दिलेलं चालायचं नाही कारण समोर बसून कातायचं. मला कधीच जमलं नाही. माझं सूत सुतळीसारखं यायचं.

मी एक काम सुचवतो. नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. इंदूरचं पाणी जलूदहून येतं, मंडलेश्वरजवळ, सुमारे ७० किलोमीटर. पण अंतर सोडा, चढण बघा. नर्मदेची पातळी तिथं समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आणि इंदूर साधारण साडेपाचशे. म्हणजे प्रत्येक थेंब चारशे मीटर वर चढवून आणलेला. मुलांना सांगा, घरच्या टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजा, लिटर काढा, आणि एवढं पाणी ४०० मीटर वर न्यायला किती ऊर्जा लागेल ते काढा. १००० लिटर म्हणजे १००० किलो, गुणिले ९.८, गुणिले ४००, एकोणचाळीस लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. म्हणजे हजार लिटरला एक युनिटहून थोडी जास्तच वीज, तीही पंप-पाइपचं नुकसान धरलं नाही तर. मग विचारा की टाकी ओव्हरफ्लो होऊन गल्लीत पाणी वाहतं तेव्हा नक्की काय वाहतं. प्रत्येकाची टाकी वेगळी त्यामुळे उत्तर वेगळं, कॉपी करून उपयोग नाही.

खडू_डस्टर
काका हे फार भारी आहे! आणि यातच माझ्या विषयाचं पण निघतं. नर्मदेचा पहिला टप्पा १९७८ मध्ये आला, पण मुलांनी घरातल्या किंवा गल्लीतल्या तीन वयस्कर माणसांना विचारायचं की तुमच्या नळाला नर्मदा कधी आली आणि त्याआधी पाणी कुठून भरायचात. तीन उत्तरं तीन वेगळी येणार कारण मोहल्ल्या-मोहल्ल्याचं वेगळं. मग तिघांपैकी कोणाचं धरायचं आणि का, ते अर्ध्या पानात. इतिहासाचा अभ्यास म्हणजे हेच की, नाहीतर आम्ही सोर्सेस ऑफ हिस्ट्री म्हणून चार पॉइंट पाठ करून घेतो.

ओसरीवरून
हिंदी आणि संस्कृत शिकवते. भाषेचं तोंडी काम जरूर घ्या, आमच्याकडे इंग्लिशला लिसनिंग-स्पीकिंग होतं आणि हिंदीला सगळे समजतात की हे तर येतंच. मी 'रस्ता सांग' घेते. एकानं राजवाड्यापासून स्वतःच्या घरापर्यंतचा रस्ता नुसता बोलून सांगायचा, हातवारे नाहीत, दुसऱ्यानं ऐकून फळ्यावर नकाशा काढायचा. जे मूल निबंधात दहात चार घेतं ते इथं अगदी सरळ बोलतं, 'आगे से उल्टे हाथ, जहाँ प्रेसवाला बैठता है', आणि जे मूल निबंधात नऊ घेतं ते दुसऱ्याच वळणाला अडकतं. मार्क सांगणाऱ्याला किती आणि काढणाऱ्याला किती यावर मात्र अजून माझा निकाल लागलेला नाही.

दुसरं, आजीकडून एक कृती ऐकून यायची आणि वर्गात हिंदीत सांगायची. मराठी घरातल्या मुलांची यात गंमत होते. एकाची आजी म्हणाली होती, डबा चुलीच्या पल्याड ठेवायचा. यानं वर्गात सांगितलं, 'डिब्बा पलंग पर रखना है'. तरी मी त्याला विचारलं, पलंग पर क्यों? तर म्हणे, मॅडम, शायद ठंडा होने के लिए. 😀 ऐकणं पाचात दोन, निभावून नेणं पाचात पाच.

सरकारी_गुरुजी
मंडळी तुम्ही ३८ मुलांचं रडता. देपालपूरकडच्या एका सरकारी शाळेत आठवीला ६२ आहेत माझ्याकडे, दोन वर्ग एकत्र, पंखे तीन. आठवीला पुन्हा बोर्ड पॅटर्न आलाय तेव्हापासून प्रोजेक्टचं रजिस्टर पण भरावं लागतं.

मी सप्टेंबरात सोयाबीनचं करतो. शेतात जाऊन कुठलीही दहा झाडं, चांगली निवडायची नाहीत, डोळे मिटून दहा पावलं चालायचं आणि पायाशी येईल ते झाड, त्याच्या शेंगा मोजायच्या, सरासरी काढायची, मग मध्यक काढायचा आणि दोन्हीत फरक का आला ते सांगायचं. एक मुलगा आहे, पेपर कोरा देतो, नाव पण अर्धं लिहितो. त्यानं शेंगा मोजून आणल्या आणि वर आपणहून दोन दाण्याच्या वेगळ्या, तीन दाण्याच्या वेगळ्या आणि पोचट वेगळ्या अशा तीन रांगा केल्या होत्या. मी म्हटलं हे कोणी सांगितलं, तर म्हणे सर, शेंगा मोजून काय करणार, भाव तर दाण्याला मिळतो. आठ वर्षं त्याला आम्ही कच्चा म्हणत होतो.

६२ चं तपासायचं कसं तर रोज सहा जण. प्रार्थनेनंतर सहा जणांना उभं करून दोन-दोन प्रश्न, रजिस्टरमध्ये खूण. दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण. वह्या घरी नेत नाही.

अडचण पण सांगतो. ज्यांच्या घरी शेती नाही, मजुरीवाले किंवा दुकानवाले, त्यांना दुसऱ्याच्या शेतात कोणी पाय ठेवू देत नाही. पहिल्या वर्षी माझ्या हे लक्षातच आलं नाही आणि सात मुलांना शून्याजवळ मार्क गेले. आता शाळेमागच्या शेतवाल्या काकांना सांगून ठेवलंय.

सीसीई_बॅच
मी त्या बॅचची जिच्यावर हे सगळं आधी करून झालंय. २००९-१० ला सीसीई आलं, म्हणजे वर्षभर सतत मूल्यमापनाची पद्धत, वर्षभरातली छोटी मूल्यमापनं एफए-वन ते एफए-फोर, प्रत्येकाचे १० टक्के, दोन एसए म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षांचे तीस-तीस, आणि २०१७ ला दहावीचं बोर्ड परत आलं. आमच्या रिपोर्ट कार्डवर लाइफ स्किल्सच्या खाली तीन ओळींचा रिमार्क असायचा. मी आणि माझी मैत्रीण, ती वर्गात एक शब्द बोलायची नाही आणि मी तोंड मिटायची नाही, दोघींचा रिमार्क शब्दशः सारखा, तिच्यावर चुकून पडलेल्या इंग्लिश 'ही' (he) च्या जागी 'शी' (she) पण नव्हतं बदललेलं. आता परखवाले (एनसीईआरटीचं मूल्यमापन केंद्र) होलिस्टिक प्रोग्रेस कार्ड आणतायत, मूल स्वतःचं मूल्यमापन करणार, मित्र करणार, पालक करणार. कल्पना वाईट नाहीये हो. पण तो कागद टीचरनं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बसून भरला तर परत तेच.

दोन_मुलांची_आई
@सीसीई_बॅच अगदी. आणि मी विचारते, गणिताचं काय? गणिताला नेहमी तेच, पायथागोरसचा चार्ट.

भौतिकवाला
गणिताला कचरा! चिडवत नाहीये. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करतात हे शेंबड्या पोराला पण माहितीये, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक. सात दिवस फक्त ओला कचरा गाडीत टाकायच्या आधी वजन करायचा. मग देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट घ्या, २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता रोजची ५५० टन. तुमच्या घरासारखी किती घरं मिळून तो एका दिवसात भरेल? रोज किलोभर निघत असेल तर साडेपाच लाख घरं. टन-किलोचं रूपांतर, सरासरी, अंदाज, सगळं आलं.

आमच्या वर्गात एकाच्या वहीत सातही दिवस ८०० ग्रॅम. दुसऱ्या मुलीच्या वहीत पाच दिवस सातशे-नऊशे आणि रविवारी एकदम २ किलो ३००. विचारलं तर म्हणाली, सर त्या दिवशी घरी मटार सोलले, वर्षभराचे फ्रीजरमध्ये ठेवायला. आता ८०० वाल्याला काय विचारणार?

खडू_डस्टर
मणिपूर पण सोडायचं नाही असं ठरवलंय, काम बदलायचं. इंफाळला इमा कैथल आहे ना, फक्त बायांनी चालवलेला बाजार, त्याच्यावर मुलांनी एक पान वाचायचं आणि मग आपल्या भाजीबाजारात जाऊन पाच भाजीवाल्या बायांना तीन प्रश्न विचारायचे, जागा स्वतःची की भाड्याची, माल कोण आणतं, आणि पैशाचा हिशोब कोण ठेवतं. चित्र काढायचंच असेल तर त्या बाईच्या टोपलीचं काढा, समोर बसून.

खडू_डस्टर
अपडेट, उशीर झाला, अर्धवार्षिक चालू होती.

सावलीचं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतलं, सायन्सच्या मॅडम आणि मी मिळून, माझ्या वाट्याला रेखांश. ३८ पैकी चौघांचं उत्तर बरोबर १२:००, चौघांच्याही वह्या अतिशय सुंदर, स्केच पेननं बॉर्डर केलेल्या. बाकीचे १२ ते १२:२० च्या मध्ये कुठेतरी. एका मुलीनं शेवटी दहाऐवजी चार मिनिटांनी रीडिंग घेतलं होतं, १२:०८ ला ३१.७ आणि १२:१२ ला पण ३१.७. खाली लिहिलं होतं, '12:10 होगा, पर मैंने 12:10 पर देखा नहीं, बेल हो गई थी.' मी ते पान स्टाफरूमच्या बोर्डावर लावलंय. प्रेझेंटेशनचा कॉलम काढायला प्रिन्सिपल मॅडम तयार नाहीत, पण पाचावरून एकावर आणलाय.

पीटीएमला दोन आयांनी विचारलं की यंदा फाइल कोणत्या रंगाची आणायची. आणायची नाही म्हटल्यावर एकीचा चेहरा खरंच पडला, म्हणाल्या मग आम्ही बघायचं काय. त्यांना मी टाकीचं काम दिलंय, म्हणजे मुलगा गच्चीवर चढेल तेव्हा शिडी धरायची.

पुढच्या सोमवारपासून आठवीचा कचरा. वजनकाट्याचं मात्र अडलंय, सगळ्यांच्या घरी नाहीये आणि मोबाइल ॲपवर वजन होतं असं एक मुलगा शपथेवर सांगतोय. कोणाकडे जुना काटा असेल तर सांगा, तिलक नगरच्या आसपास असेल तर मी येऊन घेऊन जाईन.

स्टेशनरी_काका
माझ्याकडे आहेत दोन, हुकवाले, रद्दी तोलायचे. एक बरोबर दाखवतो, एक पन्नास ग्रॅम जास्त. घेऊन जा.

भौतिकवाला
@खडू_डस्टर दोन्ही घ्या आणि कोणता कोणता ते मुलांना सांगू नका.